मास्तरांचा दुसरा ब्रेक

मास्तरांनी छत्तीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवली, आणि ती सगळी वर्षं ते चालवणाऱ्याच्या शेजारी बसले. शिकवणीच्या गाडीत त्यांच्याही पायाशी एक ब्रेक असायचा. शिकणाऱ्याला खड्डा दिसायच्या आत मास्तरांचा पाय त्यावर पडलेला असे. "माझ्या हाताखाली एकालाही खरचटलं नाही," असं ते कॉलर ताठ करून सांगत, आणि ते खरं होतं. त्यांच्याकडे शिकलेल्या निम्म्या लोकांना ब्रेक नेमका कधी दाबायचा हे कधीच कळलं नाही, हेही तितकंच खरं होतं. पण ते तोंडावर सांगायची कुणाची छाती नव्हती.

सांगितलं फक्त त्यांच्या बायकोने. तिला सगळे काकू म्हणत. लग्नानंतर काकू जेमतेम दोन दिवस गाडी शिकल्या. दुसऱ्या दिवशी एकाच गल्लीत मास्तरांनी अकरा वेळा ब्रेक दाबला, तेव्हा त्या दार उघडून उतरल्या, "आता दोन्हीकडून तुम्हीच चालवा," म्हणाल्या आणि तरातरा चालत घरी गेल्या. पुढची चाळीस वर्षं त्या मास्तरांच्या गाडीत बसल्या त्या फक्त बोलायला, आणि बोलण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

गेल्या वर्षी काकूंना अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, पण बोलणं गेलं. कळे सगळं, हसूही यायचं, रागही यायचा, शब्द तेवढा ओठांपर्यंत येऊन परत फिरायचा. त्यात मास्तरांना काचबिंदू निघाला. समोरचं दिसे, कडेचं दिसेना, आणि लायसन्स गेलं. ज्या दिवशी त्यांनी ते परत केलं त्या दिवशी ते जेवले नाहीत.

आठवड्यातून तीनदा थेरपीला न्यायचं कुणी, म्हणून परगावच्या लेकीने आपोआप चालणारी गाडी लावून दिली. ठरल्या वेळी रिकामी गाडी दारात येऊन उभी राही. मास्तरांनी तिला पहिल्या दिवसापासून नावं ठेवली. रस्त्यावर उडती प्लॅस्टिकची पिशवी दिसली तरी ही बया थांबते, गतिरोधक बघून देवाला नमस्कार केल्यासारखी वाकते, आणि दवाखान्याच्या पायऱ्यांपाशी सोड म्हटलं तर कोपऱ्यावरच उतरवते. शिवाय त्यांचाच एक विद्यार्थी आधी टॅक्सी चालवायचा, तो आता या गाड्यांचे कॅमेरे पुसायला होता. ते आठवलं की मास्तर तिच्याशी बोलतच नसत. पण गाडी एकदाही उशिरा आली नाही, दमली नाही, कुणावर खेकसली नाही. हे मास्तरांनी पाहिलं होतं, कबूल मात्र केलं नव्हतं.

"बाबा, घाबरू नका. नुसतं थांब किंवा थांबा म्हटलंत तरी ती कडेला उभी राहते," पहिल्याच फेरीत, गाडी चालू असताना, लेकीने फोनवर सांगितलं.

"थांब गं, मला आधी—" मास्तर म्हणाले, आणि गाडी कडेला जाऊन उभी राहिली. काकू पोट धरून हसल्या. त्या दिवसापासून मास्तर गाडीत हा शब्द तोंडातून निसटू देत नसत.

पहिला आठवडा ते सवयीने पुढे बसले आणि मोकळ्या जागेवर पाय आपटत राहिले. मग मागे, काकूंच्या शेजारी बसू लागले. कडेचं दिसत नसल्यामुळे काकूंना बघायचं तर सगळी मान वळवावी लागे.

थेरपीच्या बाई मात्र मास्तरांवर वैतागल्या होत्या. त्या चित्र दाखवत, काकूंचे ओठ हलत, आणि मास्तर म्हणत, "कात्री!"

"काका, तुम्ही पुरवलेला शब्द धरता येत नाही मला," शेवटी त्या म्हणाल्या. "शब्द त्यांच्या आत आहेत. एक तरी आपणहून बाहेर यायला हवा. महिनाअखेरपर्यंत आला नाही, तर बोलण्याचे धडे थांबवून चित्रांची वही द्यावी लागेल. हवं त्यावर बोट ठेवायचं."

त्या वहीचा मास्तरांनी धसकाच घेतला. उरलेली वर्षं काकू त्यांच्याशी बोटाने बोलणार! आणि जितका धसका जास्त, तितकी जीभ मोकाट.

महिन्याच्या शेवटच्या फेरीला गाडी बाजाराच्या रस्त्याला लागली. काकू खिडकीतून बघत होत्या. एकदम मास्तरांकडे वळल्या.

"त... ते..."

"तहान लागली?" मास्तरांनी बाटली काढली. काकूंनी नाही म्हणून मान हलवली. "थंडी वाजते? काच लावू? मग काय, तुझी पर्स? पर्स आहे की इथे!"

काकूंचा चेहरा लाल झाला. त्यांनी मास्तरांचं मनगट घट्ट धरलं.

"थां... बा!"

गाडी कडेला जाऊन उभी राहिली.

"आली वाटतं हिच्या वाटेत पिशवी," मास्तर कुरकुरले.

"तुम्ही थांबायला सांगितलंत, म्हणून गाडी थांबवली आहे," गाडी म्हणाली. "पुढे जायचं का?"

"मी कुठे सांगि—" मास्तरांचं वाक्य तोंडातच राहिलं. त्यांनी मान पूर्ण वळवली. काकूंचे डोळे भरले होते आणि त्या रागावलेल्याही होत्या, अगदी त्या गल्लीत उतरून गेल्या होत्या तशा. शब्द गाडीसाठी नव्हताच. तो त्यांच्यासाठी होता.

मास्तरांना रडू फुटलं. पण त्यांनी ब्र काढला नाही.

मागून हॉर्न सुरू झाले. "पुढे जायचं का?" गाडीने पुन्हा विचारलं. मास्तरांच्या जिभेवर शंभर गोष्टी आल्या. त्यांनी ओठ मिटले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. काकूंचे ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. एक रिक्षावाला खिडकीशी येऊन ओरडून गेला. मास्तर गप्प. घामाने शर्ट पाठीला चिकटला, तरी गप्प.

त्यांचा तो अवतार बघून काकूंना हसू आलं. त्यांनी पदराने आधी स्वतःचे डोळे पुसले, मग त्यांचे.

"आता..." काकू म्हणाल्या. मध्ये पुष्कळ वेळ गेला. "बो... ला."

मास्तरांनी तोंड उघडलं. काय बोलावं ते त्यांना सुचेना.

काकू त्यांचा हात धरून वाट बघत बसल्या.