खुर्चीमागची माणसं

वहिनीच्या खाणावळीवर लेख लिहून धाकट्या दिराला काय मिळणार होतं, ते आधी मांडलेलं बरं. शहराच्या मध्यवस्तीत कुठे खावं, कुठे प्यावं, हे सांगणारं त्याचं सदर रविवारच्या पुरवणीत यायचं. बडी हॉटेलं लिहून संपली होती आणि संपादकांना आता कुणाच्या नजरेत न आलेलं ठिकाण हवं होतं. ते त्याला घरातच सापडलं: थोरल्या भावाची आणि वहिनीची खाणावळ. पायपीट नाही, सदर शाबूत, वहिनीवर जन्माचे उपकार, वर आईचं कौतुक. तोट्याच्या बाजूला लिहावं असं त्याला काहीच दिसलं नाही.

खाणावळ कचेऱ्यांच्या मागच्या गल्लीत. चुलीपाशी थोरला भाऊ, बाहेर वहिनी. एक सूप, पाव, अंडी, कॉफी, संपली यादी. खुर्च्या डझनभर आणि दुपारी जेवणारे त्याच्या चौपट. ते जमायचं कसं? रांग नव्हती, नंबर नव्हते. आलेला माणूस जेवणाऱ्याच्या मागे उभा राहायचा आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायचा. हात ठेवला की पुढची पाळी त्याची. बसलेला शेवटचा घास घ्यायचा, तोंड पुसायचा, उठायचा. खुर्ची गरमच्या गरम पुढच्याला. टायपिस्ट बाई, शिपाई, समोरच्या मोठ्या इमारतीतला लिफ्टमन, सगळ्यांना सुटी अर्ध्या तासाची, पण कधी भांडण नाही.

धाकटा दीर मात्र कोपऱ्यातल्या खुर्चीत बारा वाजता टेकायचा तो उन्हं कलल्यावर उठायचा. त्याच्या खुर्चीवर कुणी कधी हात ठेवला नाही. मालकिणीचा दीर, कोण ठेवणार? हे गल्लीतल्या मांजरालाही ठाऊक होतं, फक्त त्याला नव्हतं. म्हणून त्याने अगदी मनापासून लिहिलं, 'इथे तुम्हाला कुणी घाई करत नाही. एका कॉफीवर अख्खी दुपार काढा, मालकीणबाईंच्या कपाळावर आठी दिसणार नाही.'

सोमवारी दार उघडायच्या आधीच माणसं उभी. आली, बसली आणि बसूनच राहिली. कॉफीचे फोटो झाले, भिंतीचे झाले, सुपातल्या चमच्याचे झाले. लिफ्टमनने सवयीने एका बाईंच्या खुर्चीवर हात ठेवला, तर त्यांनी मागे न बघता आपला कोट त्या हातावर टाकला.

"जरा नीट टांगा हं," बाई म्हणाल्या.

लिफ्टमनने कोट नीट टांगला. मग वहिनीला म्हणाला, "ताई, पाव हातातच द्या. जाता जाता खाईन."

"उद्या या. उद्या होईल जागा."

उद्याही झाली नाही. परवाही नाही. तो रोज यायचा, घड्याळाकडे बघत उभा राहायचा आणि उशीर करून, पाव चावत पळायचा.

वहिनीने दिराला गाठलं. तो आपल्या कोपऱ्यात होताच.

"भाऊजी, पुढच्या रविवारी एवढंच छापा, की इथे जेवून उठायचं असतं."

"वहिनी, छापलेलं मागे घेत नसतात. अहो, गर्दी झालीय, खूश व्हा की!"

"गर्दी आधीही होती. ती जेवत होती."

"तुम्हाला प्रसिद्धी पेलत नाही, हा माझा दोष?"

आतून थोरला भाऊ म्हणाला, "जाऊ दे ना गं." भावाच्या बाबतीत त्याचं एवढंच मत असायचं, आणि तेही भांड्यांच्या आवाजात.

वहिनी दिराच्या मागे गेली आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. टायपिस्ट बाईंचा घास हातातच राहिला.

"काय हवंय, वहिनी?"

"खुर्ची."

"म्हणजे?"

"ताटली रिकामी होऊन किती वेळ झाला, भाऊजी? उठा. माणसं उभी आहेत."

तो उठला. कानापर्यंत लाल होऊन, कॉफी अर्धी टाकून गेला. त्या संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला.

"जेवत्या माणसाला उठवलंस म्हणे?"

"जेवत नव्हते, आई. नुसते बसले होते."

"घरच्या माणसाला बसायचीही चोरी?"

"घरी बसू द्या की त्यांना. तुमच्याकडे खुर्च्या आहेत ना?"

पलीकडून फोन आपटल्याचा आवाज चुलीपर्यंत गेला.

रविवारी दिराने दुसरा लेख लिहिला. प्रसिद्धी डोक्यात गेलेली खाणावळ, उर्मट मालकीण, गिऱ्हाइकाला हाताला धरून उठवतात. चुकूनही जाऊ नका. हाताला कुणी धरलं नव्हतं, पण तेवढं तिखटमीठ त्याने लावलंच. सोमवारी कोटवाल्या बाई नाहीत, फोटोवाले नाहीत. दुपारी पुन्हा खुर्चीच्या पाठींवर हात दिसू लागले.

"बघ, बरंच झालं," थोरला भाऊ म्हणाला.

"बरं काय झालं? एकदा खोटी स्तुती, एकदा खोटी निंदा, आणि आपण दोन्ही वेळा तोंड मिटून!" वहिनी कडाडली. "आणि लिफ्टमन कुठाय?"

टायपिस्ट बाईंनी सांगितलं. उशिरा येतो म्हणून त्याला शहराबाहेरच्या गोदामावर धाडलं होतं. तिथे लिफ्ट नाही, पेट्या उचलायच्या.

वहिनी एप्रन न सोडता समोरच्या इमारतीत गेली. लिफ्टमध्ये नवा माणूस होता. ती जिन्याने चढली. व्यवस्थापकासमोर दम खात उभी राहून म्हणाली, "तो खोटं बोलत नव्हता, साहेब. माझ्याकडे त्याला खरंच बसायला जागा मिळत नव्हती."

"तोही हेच सांगत होता," व्यवस्थापक शांतपणे म्हणाले आणि त्यांनी खणातून पहिल्या रविवारची पुरवणी काढली. "पण हे काय लिहिलंय? निवांत बसा, अख्खी दुपार काढा. आम्ही समजलो, तोही तेच करत होता."

"ते खोटं आहे! माझ्या दिरानेच लिहिलंय."

"छापलेलं आहे, बाई."

लिहिणारा कसा उलटतो ते कळावं म्हणून तिने दुसरा लेखही वाचायला सांगितला. तो त्यांनी वाचला नव्हता. हॉटेलांची निंदा आपण वाचत नाही, म्हणाले.

तर हिशोब असा. वर्तमानपत्राचे दोन रविवार भरले. दिराला दोन्ही लेखांचं मानधन मिळालं. सासूबाईंनी पहिलं कात्रण कपाटाला चिकटवलं. वहिनीला खुर्च्या परत मिळाल्या. आणि या सगळ्याचं बिल भरलं ते त्या लिफ्टमनने, गोदामात, पाठीवर पेट्या घेऊन.