चौथी कॉपी

निवडणुकीचा निकाल लागून नऊ दिवस झाले होते आणि नऊ दिवसांत दादानं कॅमेऱ्याच्या बॅगेची चेन उघडली नव्हती. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो माहितीपट काढतो आणि त्यानं आणलेलं मी कापते, जोडते. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत वीस वर्षं आमचं हेच चाललंय. भांडण न होता निघालेला आमचा एकही माहितीपट नाही. पण या वेळी तो भांडायलाही तयार नव्हता, आणि मला खरी धास्ती त्याचीच वाटत होती.

माहितीपट होता मतदार यादीतून ज्यांची नावं गायब झाली त्यांच्यावर. चौदा जण बोलले होते. बोलले ते निवडणुकीआधी, तेव्हा सगळ्यांना वाटत होतं, आता वारं फिरणार. डोंबलाचं फिरतंय! ज्यांच्या राज्यात नावं गेली तेच पुन्हा निवडून आले, पहिल्यापेक्षा दुप्पट जोरानं. दुसऱ्या दिवसापासून आम्हाला फोन सुरू झाले.

दादाचा एक नियम आहे, दुसरं कुणी पाळत नाही असला. आमच्या संमतीपत्रावर शेवटची ओळ असते : पहिल्या खेळापर्यंत तुम्ही तुमचं बोलणं कधीही परत घेऊ शकता, आम्ही कारण विचारणार नाही. मी हजारदा म्हटलं होतं, अरे, ही ओळ एक दिवस गळ्याशी येईल. आलीच. नर्स म्हणाली, लेकीचं कॉलेज आहे हो. बसड्रायव्हर तर नुसताच रडला. नऊ दिवसांत अकरा जण गेले. मी एकेकाचं बोलणं पुसायची आणि ‘पुसलं’ एवढाच निरोप पाठवायची.

उरले तीन. त्यातल्या दोघांचं बोलणं किरकोळ होतं. सगळा जीव होता यादीवाल्या बाईंमध्ये. बाई निवडणूक कचेरीत कारकून, याद्या टाइप करणाऱ्या. एकशेसाठ नावं त्यांच्याच हातून खोडली गेली होती. आमच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून, कॅमेऱ्याला पाठ दाखवून त्या म्हणाल्या होत्या, “वरून हुकूम आला होता.” ते वाक्य नसेल तर आमच्या हातात नुसतं रडगाणं उरत होतं.

“बाईंचा फोन नाही ना आला?” दादा रोज सकाळी विचारायचा.

फोन आला नव्हता. उलट त्यांचाच फोन बंद लागायला लागला. आणि गुरुवारी सकाळी खाली एक पांढरी गाडी येऊन थांबली. आतून दोन माणसं उतरली. एकानं आमच्या मजल्याकडे बोट केलं, दुसऱ्यानं वहीत काहीतरी लिहून घेतलं. दादा दाताच्या डॉक्टरकडे गेलेला. माझी पाचावर धारण बसली. डोक्यात एकच : हे वर येणार, डिस्क उचलणार, आणि पाठमोरी असली तरी आवाजावरून बाई सापडणार. आवाज बदलायचं काम मी मेलीनं ‘नंतर करू’ म्हणून ठेवून दिलं होतं.

मी दाराला कडी घातली आणि बाईंची मुलाखत पुसली. प्रत्येक मुलाखतीच्या आम्ही तीन कॉपी ठेवतो, त्या तिन्ही डिस्कवरून. नुसतं पुसलेलं परत काढता येतं, म्हणून त्या जागेवर रिकामा डेटा फिरवला, एकदा नाही, तीनदा. अडीच तास लागले. शेवटची डिस्क संपते न संपते तोच दार वाजलं.

“ताई, लिफ्ट बघायला आलोय. खालचं मशीन बघून झालं. तिसऱ्यावरच अडकते ना?”

हसावं का भिंतीवर डोकं आपटावं, कळेना. अडकते म्हटलं, आणि दार लावून तिथेच खाली बसले.

दादा आला तो सुजलेला गाल घेऊन. मी सांगून टाकलं. ओरडला असता तर परवडलं असतं.

“लिफ्टवाल्यांना घाबरून?” तो म्हणाला. मग त्यानं बॅगेकडे बघितलं. “संपलं गं, चिंगे.”

सेहेचाळीस वर्षांची घोडी झाले तरी मी चिंगीच. एरवी मी त्यावरून त्याला फाडून खाते. त्या दिवशी माझी तोंड उघडायची लायकी नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी यादीवाल्या बाई स्वतःच दारात उभ्या. लिफ्ट ठणठणीत झाली होती, तरी जिन्यानं आल्या होत्या. लिफ्टमध्ये कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून. चांगलीच धाप लागली होती. मी पाणी दिलं आणि त्यांना बोलूच दिलं नाही.

“बाई, अजिबात काळजी करू नका. तुमचं सगळं पुसलंय. कालच. काही म्हणता काही उरलेलं नाही.”

मला वाटलं, त्यांचा जीव भांड्यात पडेल. त्यांनी ग्लास तोंडाला लावलाच नाही.

“मी सांगितलं होतं पुसायला?”

“नाही, पण...”

“मग कुणी सांगितलं?”

“कुणीच नाही. मी घाबरले.”

“तुम्हीही?” त्या म्हणाल्या, आणि खाली बसल्या. “ताई, मला कुठला हुकूम आला नव्हता. ते मी खोटं बोलले होते.”

दादानं मान वर केली.

“साहेबांनी यादी टेबलावर ठेवली. काही नावांपुढे पेन्सिलीनं ठिपके दिले होते. ‘बघून घ्या,’ म्हणाले आणि जेवायला गेले. ठिपके कशाचे, हे मी विचारलंसुद्धा नाही. साहेब जेवून यायच्या आत एकशेसाठ नावं खोडून मोकळी झाले. त्यात माझ्या सख्ख्या नणंदेचं नाव होतं. मतदानाच्या दिवशी तिला रांगेतून परत पाठवलं, तर ती माझ्याकडे येऊन रडली. मी तिला पाणी दिलं. असंच, तुम्ही आत्ता मला दिलंत तसं.”

जमीन दुभंगली असती तर मी आत गेले असते.

“परवा तिला खरं सांगितलं. आता ती माझं तोंड बघत नाही. म्हणून आले होते, ते हुकमाचं काढा आणि हे घाला म्हणायला. तर तुम्ही मलाच खोडून बसलात.”

“बाई,” दादा म्हणाला, गालावर हात धरून, “नोकरी जाईल. आणि ती माणसं तेवढ्यावर थांबतील असंही नाही.”

“ठाऊक आहे. म्हणून तर जिन्यात दोनदा बसले.” त्यांचे डोळे भरून आले. “पण त्या एकशेसाठ जणांना कुणी विचारलं नव्हतं. मला तरी विचारा.”

चेनचा आवाज आला. दादानं बॅग उघडली होती. कॅमेरा बाहेर काढून तो भिंगावरची धूळ पुसायला लागला आणि माझ्यावर खेकसला, “चिंगे, माइक कोण लावणार, लिफ्टवाले?”

इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी माइक लावायला घेतला. खुर्ची तशीच, खिडकीकडे तोंड करून ठेवली होती. बाईंनी उठून ती फिरवली आणि कॅमेऱ्यासमोर बसल्या. दादानं नेहमीसारखं म्हटलं, नाव सांगा. त्यांनी सांगितलं, आडनावासकट, कचेरीतल्या हुद्द्यासकट. मग साहेबांचं सांगितलं. मग नणंदेचं नाव घेतलं आणि तिथे अडकल्या. आम्ही थांबलो. कॅमेरा चालू ठेवला.

झाल्यावर त्यांनी विचारलं, “किती कॉपी काढता?”

“तीन.”

“चौथी काढा. ती माझ्या पिशवीत जाईल. या वेळी पुसायचं तर आधी मला विचारायला यावं लागेल तुम्हाला. आणि आज ती नणंदेला दाखवणार आहे. तिनं दार उघडलं तर.”

मी चौथी डिस्क लावली. अर्ध्याच्या पुढे गेली होती, तेवढ्यात दादा खिडकीशी गेला.

“खाली गाडी आहे गं. पांढरी.”

“लिफ्टवाले असतील,” मी म्हटलं.

लिफ्टवाले कालच काम संपवून गेले होते. आम्हा तिघांनाही ते माहीत होतं. तरी मी जागची हलले नाही. अजून चाळीस टक्के बाकी होतं, आणि बाई पिशवीचं तोंड उघडून शेजारी बसल्या होत्या.