भाडेकरूचे बाबा

"सोसायटीची सभा दहाला ना? मी पुढे होतो, तू ये मागाहून," म्हणत क्षितिजाच्या बाबांनी, जयवंतरावांनी, इस्त्रीचा शर्ट चढवला. ती चूळ भरून बाहेर येईपर्यंत ते जिना उतरलेही होते.

फुलपाड्यातल्या या इमारतीत ती अकरा महिने राहत होती आणि मजल्यावर तिला कोणी ओळखत नव्हतं. सकाळी सातला कुलूप लावायचं, रात्री नऊला काढायचं. ओळख व्हायला माणूस घरात असावा लागतो. बाबांना गावाहून येऊन चार दिवस झाले होते आणि वॉचमनच्या सासुरवाडीपर्यंत सगळं त्यांना पाठ होतं. काल तर गच्चीवर चढून ते टाकीसुद्धा बघून आले होते.

"बॉलकॉक गेलाय तुमचा, टाकी भरली तरी पाणी थांबत नाही. निम्मं पाणी गटारात, आणि वर टँकर मागवताय. उद्या बोलतो," असं ते जेवताना म्हणाले होते. ती नुसती हसली होती. तिथेच तिचं चुकलं.

अठ्ठाविसाव्या वर्षी कारकुनाच्या एका पगारात बाबांनी वसईत घर घेतलं होतं, आणि पुढे बारा वर्षं सोसायटीची सेक्रेटरीगिरी केली होती. आईच्या आजारपणात ते घर विकलं, आई गेली, बाबा गावी गेले. क्षितिजा आता एकतीसची. पगार बाबांच्या शेवटच्या पगाराहून जास्त, नोकरी दरवर्षी नव्या करारावर, आणि पाच वर्षांत हे चौथं भाड्याचं घर. त्याचंही अ‍ॅग्रीमेंट महिनाअखेर संपत होतं. घरमालक धवल बोरिवलीला राहायचा. 'सोसायटीची कंप्लेंट नको, मग रिन्यू करू,' असं तो म्हणाला होता. ती देवाला हात जोडून होती.

खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडलेल्या, आणि बाबा पुढच्या रांगेत उभे राहून बोलत होते.

"काका, फ्लॅट नंबर?" सेक्रेटरी भालचंद्र पाटलांनी विचारलं.

"तीनशे चार."

पाटलांनी वही चाळली. "तो धवलभाईंचा. तुम्ही कोण?"

"माझी मुलगी राहते ना तिथे."

"म्हणजे भाडेकरू. सभेला फक्त मेंबर बसतात, काका."

"बसत नाही हो, उभाच आहे. टाकीचं तेवढं ऐकून घ्या."

मागे कोणीतरी हसलं. बाबांनी वळून तिच्याकडे पाहिलं. तिने त्यांच्या बाजूला जाऊन उभं राहायला हवं होतं. पण डोळ्यांसमोर महिनाअखेर होती.

"बाबा, वर चला," ती म्हणाली, हट्टी पोराला म्हणावं तशी. तो आवाज आठवला की आजही तिला स्वतःची लाज वाटते.

बाबा निमूट वर आले. "आम्ही वसईत भाडेकरूंनाही चहा द्यायचो," एवढंच म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी गावी गेले.

मंगळवारी धवलचा फोन आला. "मॅडम, सेक्रेटरी बोलले मला. रिन्यू नाही होणार. बुरा मत मानना."

महिनाअखेर तिने मनवेलपाड्यात एक तळमजल्यावरची खोली घेतली. बाबांना सांगितलं नाही. तुमच्यामुळे घर गेलं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

मे महिन्यात बाबांचा फोन आला. "पाणी येतं का गं नीट?"

"येतं, बाबा. बॉलकॉक बदलला," तिने ठोकून दिलं.

"बघ. नीट सांगितलं की माणसं ऐकतात." बाबांचा आवाज किती दिवसांनी असा खुलला होता. "आमसुलं पाठवलीत कुरिअरने. एक पुडा तुला, एक पाटलांना. तुझ्या हाताने दे."

पार्सल अर्थातच जुन्या पत्त्यावर गेलं. रविवारी ती न्यायला गेली, तर गेटवर नवा वॉचमन होता. त्याने व्हिजिटरची वही पुढे केली. तिने नाव लिहिलं, वेळ लिहिली.

पार्सल घेऊन ती वर पाटलांकडे गेली. पाटलांनी आपला पुडा हातात घेतला आणि ते ओशाळले. "काकांचं बरोबर होतं. बॉलकॉकच निघाला. आता टँकर लागत नाही. कळवा त्यांना."

"कळवलंय," ती म्हणाली.

"पाणी घ्या ना, बसा जरा."

ती बसली. पाटीलकाकूंनी तांब्या आणून ठेवला. क्षितिजा दोन पेले पाणी प्यायली, मग आपला पुडा पर्समध्ये घालून खाली आली, आणि वहीत बाहेर पडल्याची वेळ लिहून चालू लागली.