बारा पाचचं विमान

दौलतरावनं पट्ट्याचं बक्कल पुढं धरलं आणि बायकोच्या पाठीत हाणलं.

"कुठी गेली पोरगी? कोन्त्या गावाले?"

प्रयागबाईची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडं. साडेअकरा. बारा पाचला निकिताचं विमान नागपूरहून बंगळुरूला उडणार होतं. तोवर तोंड उघडायचं नाही, बस.

पोरगी एकोणीस वर्षांची. नवरा तिनं स्वतः निवडला, तांड्यातल्या ऊसतोड्याचा पोरगा, बादल. बंगळुरूत लिफ्ट बसवायचं काम करतो, तिला न्यायला आला होता. दौलतरावच्या चाळीस एकराला त्याचा डाग लागला. सकाळपासून त्याच्या जीपा रिसोडचं स्टँड, वाशीमचं स्टेशन हुंगत फिरत होत्या. ऊसतोड्याचा पोरगा विमानात बसतो, हे असल्या डोक्यात मावतच नाही. मावलं असतं तर घात होता. दौलतरावचा भाऊ भागवत नागपुरात विमानतळापासून दहा मिनिटांवर राहायचा, आणि त्याच्या हाती लागलेली पोरगी जिवंत घरी आली नसती.

पट्टा कानशिलावर बसला. तोंडात रक्त आलं, ते तिनं गिळलं.

"मरशीन, पन सांगशीन नाई?"

"मारा ना. हात दुखून राह्यला का तुमचा?"

मग लाथ. बरगडी कडकन वाजली.

बारा दहा. प्रयागबाई भिंतीला धरून उठली आणि हसली.

"बंगलोरले गेली. इमानानं. पावनेदोन तासात उतरते. तुमच्या जीपले साडेनऊशे किलोमीटर हाय, अठरा तास. निघा, डबा बांधून देऊ का?"

दौलतरावनं भागवतला फोन लावला. भागवतचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"थांब दादा, मोबाईलवर पाह्यतो... अरे, थे उडालंच नाई! दोन तास लेट हाय. आत सफाईचा ठेकेदार माह्या वळखीचा हाय, कायतरी बहाना करून दोघाले बाहीर आनते तो. पन तो तिले वळखन कसा? माह्यापाशी एकबी फोटू नाई. पोरीचा फोटू धाड, लवकर!"

एसटी उशिरा येते हे प्रयागबाईला जन्मापासून ठाऊक. विमानही उशिरा सुटतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

दौलतराव पलंगावर बसून फोटो शोधू लागला. प्रयागबाईचा फोन त्यानं सकाळीच फोडला होता.

"पानी आन," मान वर न करता तो म्हणाला.

तिनं पाट्यावरचा वरवंटा आणला.

पहिला घाव मनगटावर. फोन खाली पडला. दुसरा फोनवर, आतलं सगळं बाहेर येईतो. दौलतराव किंचाळत अंगावर धावला, तेव्हा तिसरा गुडघ्यावर. तो आडवा झाला.

"रांडे, नवरा हाय मी तुहा!"

"म्हनून तं डोकं सोडलं."

तिनं दाराला आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून बसली. भागवत तिकडं काय करत असेल, देव जाणे. दोन पाचपर्यंत या घरातून कुणी बाहेर पडणार नव्हतं. मोडलेल्या बरगडीमुळं तिला अर्धाच श्वास घेता येत होता. तेवढा पुरत होता.