ऑइल बदललं, त्या वर्षी

मी एक मेटॅडोर. डिझेलवर चालणारी, चपट्या नाकाची, मागे सामानाची खोली असलेली. आज माझा रंग सांगण्यात काही अर्थ नाही, पण एक्याऐंशी साली पुण्याजवळच्या कारखान्यातून निघाले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. घाट उतरून ठाण्याला आले ती नौपाड्यातल्या एका मंडपवाल्याकडे. पाच वर्षं मी लोकांच्या लग्नातल्या खुर्च्या वाहिल्या, नवरात्रात टेंभी नाक्यावर बांबू आणि पडदे पोचवले. त्या मालकाबद्दल वाईट बोलण्यासारखं काही नाही. चांगलंही फारसं नाही. मला विकून तो घरात गेला आणि बहुधा जेवायला बसला.

मग मला भिवाजीने घेतलं.

भिवाजी चेंदणीचा कोळी. खाडीत त्याची होडी होती. पण त्या वर्षांत खाडीचं पाणी पालटलं. जाळं वर ओढावं तर मासळी कमी आणि काळा चिखल जास्त. असेल ती मासळीही वासाची, गिऱ्हाईक नाकाला पदर लावून पुढे जायचं. शेवटी त्याने होडी विकली. पहाटे भाऊच्या धक्क्यावर मासळी घ्यायची, तिच्यावर बर्फ घालायचा आणि कळवा, मुंब्रा, शीळफाटा करत कल्याणच्या बाजारात न्यायची, असा धंदा त्याने माझ्यावर सुरू केला. धक्क्यावर लिलावात मासळी घेणं आणि बाजारात बसून ती विकणं हे काम त्याच्या बायकोचं. तिचं नाव मनुबाई.

माझी ठेवण जरा सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. माझं इंजिन केबिनमध्येच आहे, दोन सीटच्या मधोमध, पत्र्याच्या झाकणाखाली. उजवीकडे भिवाजी चालवायला, डावीकडे मनुबाई, आणि दोघांच्या मध्ये मी धडधडत. सुरुवातीला दोघं माझ्यावरून ओरडून बोलायची, हसायची, भांडायची. भांडण ओरडून करायला बरं पडतं.

भिवाजी मला जपायचा. होडी जपणाऱ्या माणसाला सवयच असते ती. रोज सकाळी चालू करायच्या आधी ऑइलची पट्टी ओढायची, पुसायची, परत घालून बघायची. ऑइल घालायचा ते डिझेलचं, चाळीस नंबरचं. दुसरं काही त्याला ठाऊक नव्हतं.

पण हळूहळू केबिनमधलं बोलणं आटलं. मनुबाई दहा शब्द बोले, तेव्हा भिवाजी एक बोले, कधी तोही नाही. एकदा मुंब्र्याच्या चढावर ती त्याला काही सांगत होती. तिची आई दिवा गावात थोरल्या मुलाकडे अंथरुणाला खिळली होती. सांगता सांगता मनुबाईला रडू आलं.

"आय निवटी मागतंय," ती म्हणाली. "बोलतंय, जावयाच्या हातची खाडीतली निवटी एकदा खायचीय. आनशाल का?"

निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा छोटा मासा. पूर्वी भिवाजी पाटीभर आणायचा. तो समोर बघत राहिला. गिअर बदलला आणि म्हणाला, "बर्फ कमी पडंल आज."

मनुबाईने पदर तोंडाशी नेला आणि खिडकीबाहेर तोंड केलं. पुढच्या आठवड्यात म्हातारी गेली. त्यानंतर मनुबाई केबिनमध्ये कामापुरतंच बोलू लागली. होडी गेल्यापासून माणूस आतून कडू झाला, असं तिने मनाशी धरलं. मलाही तसंच वाटलं.

त्र्याण्णव साली माझं वय दिसायला लागलं. चढावर निळसर धूर येई, ऑइल लवकर खाली जाई. मनुबाईचा भाऊ महिपत डोंबिवलीत भाड्याची पेट्रोल गाडी चालवायचा, नवी कोरी. तो एक दिवस डबा घेऊन आला.

"दाजी, ते काळं डांबर कशाला ओतता अजून?" तो भिवाजीच्या कानाशी मोठ्याने म्हणाला. महिपतची सवयच होती मोठ्याने बोलायची. "हे बघा, पाण्यासारखं पातळ. माझी गाडी एकदम मख्खन चालते!"

मेव्हण्याने प्रेमाने आणलेलं. भिवाजीने जुनं ऑइल सोडलं आणि ते पातळ माझ्यात भरलं.

दुसऱ्या दिवशी कळव्याचा पूल ओलांडताना भिवाजी खूश होता. कितीतरी दिवसांनी तो आपणहून बोलला. "मनू, आयकतंस ना? कशी गप झालीय बग! जरा म्हनून आवाज नाय. ऑइल हाय का जादू!"

मनुबाई त्याच्याकडे बघतच राहिली. कारण झाकणाखाली मी ठोकत होते. टक, टक, टक, असा लोखंडावर लोखंडाचा आवाज, पूर्वी कधीच नव्हता असा. सिग्नलला उभी राहिले की समोरचा ऑइलचा लाल दिवा मिणमिणायचा. भिवाजी म्हणायचा, वायर ढिली असंल.

चार दिवस तिने ऐकून घेतलं. मग हट्टाने मला कळव्याला काळुरामच्या गॅरेजात न्यायला लावलं. काळुराम माझ्यासारख्या गाड्यांचा जुना मिस्त्री. त्याने झाकण उघडलं, इंजिन चालू ठेवून कान दिला, मग पट्टीवरचं ऑइल दोन बोटांत चोळलं.

"हे पेट्रोल गाडीचं, नाखवा. डिझेलची काजळी याला पेलत नाही. आणि हिचं वय झालं, आत बेअरिंगला फट पडलीय. पातळ ऑइल गरम झालं की फटीतनं पळतं, दाब राहत नाही. म्हणून ठोकतेय."

"मग घट्ट करायचं काय मिळतं ना बाटलीत?" मनुबाईने विचारलं. "बाजारात कोन तरी बोलला."

"मिळतं. ते ओतलं की आवाज दबतो. गाडी विकायची असेल तर लोक तेच करतात. पण आत झीज चालूच राहते, आणि सकाळी थंड असताना एवढं घट्ट ऑइल वरपर्यंत चढतच नाही. चालवायची असेल तर डिझेलचंच घाला, तुमचं ते चाळीस नंबर. आणि बदलायला उशीर करू नका."

भिवाजी दोघांच्या तोंडाकडे बघत होता. "पन ठोकतेय कुठं?" तो म्हणाला. "आवाजच नाय, तर खराब कशी?"

मी त्याच्यासमोर घणासारखी ठोकत होते. काळुराम भिवाजीच्या मागे डाव्या अंगाला गेला आणि साध्या आवाजात म्हणाला, "नाखवा, तो पाना द्या जरा." भिवाजी हलला नाही. "नाखवा," काळुराम पुन्हा म्हणाला. भिवाजी माझ्याकडे कौतुकाने बघत उभाच.

मनुबाई स्टुलावर बसली. आपल्या नवऱ्याला ऐकू येत नाही, हे तिला त्या क्षणी कळलं. आणि त्यापाठोपाठ काय कळलं असेल, तेही मला समजलं, कारण मुंब्र्याच्या चढावर त्या दिवशी मीच मध्ये होते.

काळुरामने पातळ ऑइल सोडलं, फिल्टर बदलला आणि माझं नेहमीचं ऑइल घातलं. ठोकणं बरंच उतरलं. सगळं गेलं नाही, झिजलेलं परत येत नसतं. भिवाजी म्हणाला, "बगा, काय फरक हाय? मघाशी व्हती तशीच हाय की."

मनुबाईने त्याला लगेच सांगितलं नाही. कसं सांगणार? वल्ही गेली, खाडी गेली, आता कानही गेला म्हणून? ती रोज शेजारी बसे आणि मागून हॉर्न आला की त्याच्या दंडाला हात लावे. पण एके सकाळी शीळफाट्याजवळ तिचा जरा डोळा लागला. मागून टँकर हॉर्न वाजवत आला आणि नेमकं तेव्हाच भिवाजीने मला उजवीकडे घेतलं. टँकरचा पत्रा माझ्या कुशीला घासत गेला. मी रस्त्याखाली उतरले, पाट्या उलटल्या, सगळीकडे बर्फ आणि बोंबील.

भिवाजीने खिडकीतून मान काढून मागे बघितलं. "त्यानं हॉर्न नाय मारला," तो म्हणाला.

मनुबाईने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून आपल्याकडे वळवलं. त्याला ओठ दिसतील असं सावकाश म्हणाली, "मारला. लय वेळ मारला."

मग त्याने माझी किल्ली काढून तिच्या मांडीवर ठेवली.

डॉक्टरांनी तपासलं. डावा कान पार गेलेला, उजव्याने जवळचं बोलणं तेवढं येतं, इंजिनाचे ठोके आणि लांबचे आवाज नाहीत. वर्षानुवर्षं डाव्या कानाशी इंजिन धडधडत असेल तर असंच होतं, म्हणाले. मनुबाईने हे दारात उभ्या असलेल्या मला ऐकू येईल इतक्या जवळ महिपतला सांगितलं. मी लोखंडाची, मला रडता येत नाही.

महिनाभर मी उभी होते. मग एका सकाळी मनुबाई येऊन उजव्या सीटवर बसली.

"मना शिकवा," ती म्हणाली.

"तू? गाडी?"

"लिलावात धा बाप्यांशी भांडतंय मी. ही तर एकटी हाय."

खाडीकडच्या मोकळ्या मैदानात भिवाजी तिला शिकवू लागला. कोळीवाड्यातल्या बायका बघायला जमायच्या. शेजारची दगडाबाई ओरडली, "मनू, आता नवऱ्याला पाटी दे डोक्यावर!" भिवाजीच सगळ्यांत मोठ्याने हसला. तो डावीकडे बसून झाकणावर तळहात ठेवायचा. माझ्या कंपनावरून त्याला गिअर कधी बदलायचा ते कळायचं. पहिल्या परीक्षेत ती नापास झाली, दुसऱ्यांदा लायसन्स मिळालं.

पहिल्यांदा ती मला बाजाराला घेऊन निघाली, तेव्हा घाबरून स्वतःशीच पुटपुटत होती. मुंब्रा मागे पडल्यावर हळूच म्हणाली, "आता चौथा घालू का नको?"

"घाल," भिवाजी म्हणाला.

ती दचकली. त्याने ऐकलं होतं. डाव्या सीटवर बसल्यामुळे त्याचा उजवा कान आता तिच्याकडे होता.

मनुबाईने मला रस्त्याच्या कडेला घेतलं आणि इंजिन बंद केलं.

"आयनं निवटी मागितली व्हती," मग ती म्हणाली. "तुमच्या हातची. मरायच्या आदी."

"आनि मना का नाय सांगितलास?" भिवाजी एकदम म्हणाला. "मी आनली असती ना, मनू! गळ्यापातूर चिखलात गेलो असतो."

"सांगितलं व्हतं. हितंच, ह्या रस्त्याला."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग त्याने झाकणावर डोकं टेकलं. मासळी तापत होती, मनुबाईने घाई केली नाही. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि तो "मना आयकूच नाय आला गो" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला तो खाडीत उतरला. काळ्या चिखलातून संध्याकाळी ओंजळभर निवटी घेऊन आला. मनुबाईने कालवण केलं आणि आईच्या नावाने पान वाढलं.

त्यानंतर चार वर्षं तिने मला चालवलं. ऑइलची पट्टी दोघं मिळून बघत. एकदाही त्यांनी मला पातळ ऑइल दिलं नाही, की आवाज दाबायला घट्ट.

आता अठ्ठ्याण्णव साल आहे. मनुबाईचे गुडघे दुखतात. मला दिव्याच्या तानाजीने घेतलं आहे. तिथल्या चाळींना पाणी नसतं, तो पिंपं भरून नेतो. सौदा ठरला तेव्हा मनुबाईने इंजिन चालू करून त्याला उभं केलं आणि म्हणाली, "आयकून घे आदी. हा आवाज हाय. झाकलेला नाय. डिझेलचं चाळीस नंबर घाल, येळेवर बदल, ती तुला दगा देनार नाय."

तानाजी, हे मीही तुला सांगते आहे. म्हातारीला गप्प करायला जाऊ नकोस. ती काय बोलते ते ऐक, आणि तिला मानवेल तेच दे.

निघताना भिवाजीने झाकणावर हात ठेवला, मनुबाईने मला बंद करेपर्यंत. मग दोघं रिक्षा न करता चालत निघाली. मनुबाई त्याच्या डाव्या हाताला होती. थोडं पुढे गेल्यावर ती थांबली, त्याच्या मागून वळसा घालून उजवीकडे आली, आणि बोलू लागली.