घरचा नंबर

थोरल्या जाऊबाईंचे पैसे सकाळी चहाच्या वेळेला आले. फोन टेबलावर टिंग वाजला, त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला, वाचलं आणि "आले बाई एकदाचे" म्हणून बशीत ओतलेला चहा पिऊन टाकला. बस्स, एवढंच. कोणाला लॉटरी लागली तरी ही बाई "आली बाई एकदाची" एवढंच म्हणेल.

माझ्या फोनवर मात्र तेच पिवळं वर्तुळ फिरत होतं आणि खाली लिहिलेलं होतं, 'सुरक्षा तपासणी सुरू आहे. आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत.' संयम मी दाखवलाच कधी होता? रात्रीपासून मी ते पान इतक्या वेळा उघडलं होतं, की ठकी, म्हणजे माझी दहा महिन्यांची मुलगी, फोन दिसला की स्वतःच बोटाने वरून खाली ओढायला लागली होती.

दोघींनी आमचे क्रिप्टो कॉइन विकून पैसे काढायची विनंती एकाच दिवशी केली होती. विकत घेतले तेव्हाही दोघींनी मिळूनच घेतले होते. जाऊबाईंच्या दुकानात येणाऱ्या कुणीतरी त्यांना कॉइनच्या खरेदी-विक्रीचं ते एक्स्चेंज सांगितलं, आणि मी पोट घेऊन घरी बसलेली असताना एका दुपारी त्यांनी जेवणाच्या टेबलावर दोघींची खाती उघडून दिली. माझ्या खात्यालाही नंबर त्यांचाच दिला. यात कुणाला काही वाटलं नाही, कारण आमच्याकडे सगळं त्यांच्याच नंबरवर आहे. गॅस, वीज, ठकीची लसीकरणाची वेळ, सासूबाईंचा डॉक्टर. मी लग्न होऊन आले तेव्हापासून जाऊबाईंचा नंबर म्हणजे घरचा नंबर. कोड आला की त्या मोरीतून, गच्चीतून, कुठूनही ओरडतात, "अगं धाकटे, लिहून घे, चार सात नऊ..."

माझ्या आयुष्यातला एकेक कोड त्या बाईच्या तोंडून माझ्याकडे आला आहे. किती काढतेय, कधी काढतेय, कशासाठी, सगळं आधी त्यांना कळणार. आम्हा तिघांना वेगळं राहायला समोरच्या इमारतीतलं एक घर मी बघून आले आणि ठरवलं, हे एक तरी काम मी माझ्या नंबरवर करणार.

घर दोनच खोल्यांचं. पण स्वयंपाकघराला मोठी खिडकी, आणि दारावर पाटी लावायची तर फक्त आमची. एजंटने सांगितलं होतं, शनिवारपर्यंत टोकनचे पैसे द्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. दुसरं गिऱ्हाईक कोण, ते त्याने सांगितलं नाही. मला मात्र दुसऱ्याच दिवशी कळलं. बाल्कनीत कपडे वाळत घालताना पाहिलं तर समोर, त्याच मोठ्या खिडकीत, जाऊबाई! हात कमरेवर, मान तिरकी, एजंट शेजारी. संध्याकाळी स्वतःच म्हणाल्या, "बघून आले हो ते घर. खिडकी छान आहे." आणि मग, भाजी निवडता निवडता, "तू काढतेयस तर मीही काढते म्हणते पैसे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या घरातलं चांगलं ते त्यांच्याकडे आधीच होतं. सासूबाईंचा विश्वास त्यांच्याकडे. नोकरी त्यांची चालू, चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतात. माझी मात्र वाचनालयातली नोकरी बाळंतपणाच्या रजेत कुठे गेली कोण जाणे. माझा नवरासुद्धा काही हरवलं की आधी त्यांना विचारतो. आता हे घरही?

म्हणून मी आधी नंबर बदलला, मग पैशांची विनंती टाकली. नंबर बदलायला जुन्या नंबरावरचा कोड लागतो. जाऊबाई आंघोळीला गेल्या होत्या, फोन चार्जिंगला लावलेला. कोड पडद्यावर आला, मी वाचला, टाकला. चोरी वगैरे काही नाही. माझंच खातं, माझाच कोड.

त्यांचे पैसे आले आणि माझे अडकले, तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, "बघितलंस? आता त्या आजच टोकन देणार."

तो लिफ्ट दुरुस्त करतो. बूट घालता घालता म्हणाला, "अगं, लिफ्टचंही असंच असतं. एकच सेन्सर बिनसला तरी दारं उघडत नाहीत. माणसाला वाटतं मुद्दाम अडवलंय."

"तुझी लिफ्ट तुझ्यापाशी ठेव. माझं दार कोणी अडवलंय ते मला ठाऊक आहे."

"कोणी?"

मी पुन्हा ते पान उघडलं. तो गेला. कॉइनवाल्यांच्या एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, 'अडकलेले पैसे लगेच सोडवून देतो, आधी थोडी फी भरा.' माझं बोट त्यावर क्षणभर घुटमळलं, हे खोटं कशाला सांगू. पण जळफळाटात अक्कल गहाण टाकायची नाही एवढं तरी शिकले आहे. ग्रुप सोडला आणि एक्स्चेंजच्या मदत-कक्षात पुन्हा लिहिलं. नेहमीचं 'आभारी आहोत' झालं. मी लिहिलं, "आभार नकोत, कारण सांगा. लहान मूल आहे हो माझ्या मांडीवर." बऱ्याच वेळाने खरंखुरं माणूस आलं असावं, कारण वाक्य पहिल्यांदाच सरळ आलं:

'आपल्या खात्याचा मोबाइल नंबर नुकताच बदलला गेला. जुन्या नंबराच्या धारकाने हा बदल आपल्या संमतीने झाला नसल्याचे कळवले आहे. त्यामुळे पैसे थांबवले आहेत. ते सोडण्यासाठी जुन्या नंबराच्या धारकाने व्हिडिओवर संमती देणे आवश्यक आहे.'

मी ते दोनदा वाचलं. जुन्या नंबराची धारक. कळवले आहे.

ठकीला काखोटीला मारलं आणि बाहेर आले. जाऊबाई दुकानात निघायच्या तयारीत डबा भरत होत्या. सासूबाई टेबलाशी औषधांच्या गोळ्या मोजत होत्या.

"वहिनी, माझ्या खात्याबद्दल तुम्हाला मेसेज आला होता?"

"आला होता की. नंबर बदललाय, तुम्हीच बदलला का, हो की नाही."

"आणि तुम्ही?"

"नाही दाबलं. मग काय चोराला हो म्हणू?" डब्याचं झाकण त्यांनी तळहाताने ठोकून बसवलं. "आणि त्याला सांगितलंही होतं तेव्हाच. तुझ्या नवऱ्याला. म्हटलं, धाकटीला सांग, कोणीतरी तिच्या पैशांवर डोळा ठेवून आहे. सांगतो म्हणाला."

सांगतो म्हणाला! लिफ्टचा सेन्सर! मी म्हटलं, "चोर नव्हता तो. मीच बदलला."

"तू? पण कोड तर माझ्या..." त्या थांबल्या. त्यांची नजर चार्जरकडे गेली, मग माझ्याकडे. लोकांच्या डोळ्यांत बघायचाच धंदा त्यांचा. पापणीसुद्धा हलली नाही.

सासूबाई गोळ्यांवरून मान वर न करता म्हणाल्या, "म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटली, आणि दोरी आपल्याच घरची."

"मागितला असतास तर दिला नसता का मी?" जाऊबाई हळू आवाजात म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "आजवर एक तरी कोड अडवलाय का तुझा?"

"तेच तर," माझ्या तोंडून निघून गेलं. "दर वेळी मागायचा कशाला?"

ठकीने माझा कान ओढला. मग मला सांगावंच लागलं, की आता पैसे सुटायचे तर जुन्या नंबरवाल्या बाईने स्वतः एक्स्चेंजच्या माणसाशी व्हिडिओवर बोलायचं, आणि बदल मान्य आहे म्हणायचं. शनिवार उद्यावर आला होता. त्यांनी नुसतं "मला दुकानात उशीर होतोय" म्हटलं असतं, तरी माझं घर गेलं असतं. आणि मी त्यांच्या जागी असते तर तेच म्हटलं असतं.

त्यांनी डबा खाली ठेवला. खुर्ची ओढली. "लाव."

पडद्यावर एक तरुण मुलगी आली, कानाला मोठाले हेडफोन. ओळखपत्र धरा, मान डावीकडे, मान उजवीकडे. जाऊबाईंनी सगळं केलं.

"खातेदार तुमच्या कोण?"

"जाऊ."

"सख्ख्या?"

"सख्खी. एकाच घरात राहतो," जाऊबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता पुढे जोडलं, "अजून तरी."

"तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

"दबाव?" त्या पहिल्यांदा हसल्या. "बाई, तुझं लग्न झालंय का?"

मुलगीही हसली. बदल मान्य आहे का, हो मान्य आहे. पिवळं वर्तुळ हिरवं झालं. दुपारी पैसे माझ्या बँकेत होते.

मी लगेच एजंटला फोन लावला. टोकन पाठवते म्हटलं, घर आहे ना अजून?

"आहे की ताई. तुमच्या जाऊबाईंनी सांगूनच ठेवलंय. धाकटीचे पैसे येईपर्यंत कुणाला दाखवूसुद्धा नको म्हणाल्या. दुसऱ्या गिऱ्हाइकाला कटवलं मी."

"त्यांना नको होतं घर?"

"छे हो. त्या आल्या त्या पाणी किती वाजता येतं, जिन्याला कठडा आहे का, लहान मूल आहे म्हणून. दोनदा कठडा हलवून बघितला."

टोकन पाठवलं. घर माझं झालं. आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. भांडून मिळवलं असतं तर घर पूर्ण माझं झालं असतं. आता त्या कठड्यालाही त्यांचा हात लागलेला.

संध्याकाळी जाऊबाई दुकानातून एक गुंडाळी घेऊन आल्या आणि सरळ माझ्या खोलीत शिरल्या. ही खोली घरातली सगळ्यात मोठी. ठकी झाली तेव्हा त्यांनी ती आम्हाला दिली आणि स्वतः मागच्या छोट्या खोलीत गेल्या. तेव्हापासून मी ती माझीच समजत आले होते.

"महिनाअखेरीला जाल ना तुम्ही?" भिंतीपासून भिंतीपर्यंत पावलं टाकत त्या म्हणाल्या. "मी काढले ना पैसे, ते यासाठी. डोळे तपासायचं स्वतःचं सुरू करते. मागच्या खोलीत अंतरच पुरत नाही. तक्ता लांब लागतो, नाहीतर सगळ्यांनाच सगळं दिसतं." गुंडाळी उलगडली. अक्षरांचा तक्ता. वरती हातभर मोठं अक्षर, खाली मुंगीएवढी. "तुला सांगणारच होते. पण तू घर सोडायचं स्वतःहून म्हणावंस, मी काढलं असं नको व्हायला."

त्यांना माझी खोली हवी होती. इतके दिवस मी समोरच्या खिडकीवर पहारा देत होते, आणि त्या इथे, माझ्या पलंगाच्या जागी, स्वतःची खुर्ची मांडत होत्या. खोली किती ऐसपैस आहे हे मला आजच दिसलं. उजेड कसा तिरपा येतो. पंखा किती शांत फिरतो. समोरच्या घरात असा उजेड येत नाही, मी बघितलं होतं की.

"जरा दाराशी उभी राहा," त्या तक्ता भिंतीला धरून म्हणाल्या. "शेवटची ओळ दिसते का बघ. दिसली तर अंतर बरोबर. सुतार उद्याच बोलावते."

मी दाराशी उभी राहिले. शेवटची ओळ अगदी स्वच्छ दिसत होती. एकेक अक्षर कोरल्यासारखं.

"नाही," मी म्हणाले. "इथून काहीच दिसत नाही, वहिनी. खोली नाही जमायची."

त्यांनी तक्ता खाली ठेवला. जवळ आल्या, माझी हनुवटी बोटाने वर केली आणि माझ्या डोळ्यांत बराच वेळ बघत राहिल्या.