बॅटरीवरचा पुसलेला नंबर

मी लोणीच्या एका घरातला लॅपटॉप बोलतोय. हजारो पानं मी बिनचूक सांभाळली आहेत. तरी आज मी भ्यालो आहे, हे आधीच सांगतो.

दोन हजार पाच सालच्या गणपतीनंतर सोपानने मला पुण्याहून नवा आणला. तो कळंबच्या सोसायटीत कारकून. पण मी त्याचा नव्हे, त्याच्या बायकोचा, स्नेहलचा. ती आसपासच्या शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करून देते. कार्डावर छापलं होतं: लॅपटॉपची वॉरंटी तीन वर्षं, बॅटरीची एकच. ते कुणी वाचलं नाही. कार्ड कपाटात साड्यांखाली गेलं.

दसऱ्याला सोपानच्या आईने, सारजाबाईंनी, विळ्या-कोयत्याशेजारी मला मांडलं. तोंडावर डाग पडू नये म्हणून पालथं घातलं आणि पोटाखालच्या बॅटरीला ओलं हळदकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने घासून पुसलं. नेमका तिथेच बॅटरीचा नंबर छापलेला होता.

आठ महिन्यांत बॅटरी दमली. वायर काढली की मी पाच मिनिटांत आडवा. वॉरंटी अजून शिल्लक होती, म्हणून सोपानने मला पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला नेलं. तिथल्या माणसाने मला उलटं केलं.

"नंबर कुठाय?"

"पुसला, साहेब. आईनं पूजा केली व्हती."

"नंबर नाही तर वॉरंटी नाही."

घरी हे कळलं, तर सारजाबाई ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. "हत्यार पुजायचं न्हाई व्हय? आन् नंबर बुडाला कशाला लिवायचा? गाडीवानी म्होरं लिवावा."

पुढे दोन वर्षं मी वायरला बांधलेला राहिलो. लाइट गेली की अर्ध्या प्रश्नावर मरायचो. दोन हजार आठच्या उन्हाळ्यात दिवसदिवस लाइट नसायची. घरात मुलगी जन्मली होती, संस्कृती. ती झोपली की तेवढ्यात स्नेहलला काम उरकावं लागे.

सोपान जुन्नरला तालिबकडे गेला. तालिब लॅपटॉप दुरुस्त करतो.

"सोपानभाऊ, हे मॉडेल कंपनीनं बंद केलं. ओरिजनल घावली की सांगतो. तवर दुसरी घालू नका."

सोपानला दम धरवला नाही. आळेफाट्यावरून त्याने एक बॅटरी आणली. नाव नाही, वरचे आकडे खरवडलेले. खटकन बसली. पहिल्या दिवसापासून ती मला चटके देत होती.

मे महिन्यातली दुपार. स्नेहलने मला गोधडीवर ठेवलं होतं. शेजारी पाच महिन्यांची संस्कृती झोपलेली. नळाला पाणी आलं म्हणून स्नेहल बाहेर गेली. गोधडीत माझी हवेची फट बुजली होती. बॅटरी तापत चालली. मी स्वतःला बंद केलं. माझ्या हातात तेवढंच होतं. बॅटरी थांबली नाही. प्लास्टिक जळल्याचा वास सुटला. मला ओरडता येत नाही. पोरगी झोपेत कुशीवर वळली, माझ्याच बाजूला.

तिला सकाळी लस टोचली होती. ताप आहे का बघायला सारजाबाई आत आल्या. त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला, मग मला. हात चटकन मागे घेतला. पोरीला उचललं आणि मला लाथ घातली. मी फरशीवर आपटलो. बिजागरी मोडली.

"आई, लाथ मारलीस?" संध्याकाळी सोपान म्हणाला.

"पुजलंबी मीच, लाथाडलंबी मीच. तुझी पोर धड हाय, ते बघ."

मला राग नाही. लाथ बसली तेव्हाच माझ्या जिवात जीव आला. तालिबने ती बॅटरी काढली. एका बाजूने ती वितळली होती.

आज सोपानच्या हातात पुन्हा एका बॅटरीचं खोकं आहे. कुठून आणलं, ते तो सांगत नाही. स्नेहल ते उघडते आहे.

बाई, घाई करू नकोस. आधी आकडे वाच, तालिबला विचार. आणि बसवलीसच तर मला टेबलावर ठेव, उंच. पोरगी आता रांगते.